वाटीभर पाणी आणि दाढीचें पातें

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांस हंसूं येईल. राजे आणि लढाया, संत आणि सुधारक यांच्या इतिहासावरील व्याख्यानें आपण नेहमींच ऐकतां. दाढीच्या हत्याराला कसला आला आहे इतिहास, असें कोणी विचारील. परंतु जें हत्यार रोज सकाळीं गळ्याला लावावयाचें, त्याच्याविषयीं माणसानें अगदींच अजाण असूं नये. शिवाय या लहानशा वस्तूच्या चरित्रांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. वस्तु घडविणाऱ्याच्या डोळ्यांपुढें कोणाचें घर असतें, हा तो प्रश्न होय.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील खेड्यांत पूर्वीं दाढी ही स्वतःच्या हातानें करावयाची गोष्टच नव्हती. तें काम न्हाव्याचें. तो गांवच्या बलुतेदारांपैकीं एक. वर्षभराच्या कामाबद्दल त्याला सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य मिळे. काखेंत धोकटी मारून तो ओसरीवर येई. धोकटींत वस्तरा, कातर, नराणी, आरसा आणि पाण्याची एक वाटी. त्या वाटीभर पाण्यावर घरांतील चार पुरुषांच्या दाढ्या होत. बोटांनीं पाणी चोळून केंस मऊ करावयाचे, चामड्यावर वस्तरा घांसावयाचा आणि पात्यावरचा मळ पुसून टाकावयाचा, एवढाच काय तो खटाटोप. वस्तरा उघडा, त्याला कोठेंहि अडून राहावयाला फट नाहीं. म्हणून त्याला पाणीहि फारसें लागत नसे.

गळा दुसऱ्याच्या हातीं देण्याची ही रीत जगांत मोडली, तिचें पुष्कळसें श्रेय किंग कँप जिलेट या अमेरिकन विक्रेत्यास दिलें जातें. सुरक्षित वस्तऱ्याची कल्पना मात्र त्याची नव्हे. अठराव्या शतकांत फ्रान्समधील झां-जाक पेरे यानें वस्तऱ्याला लांकडी आड लावून पाहिली होती, आणि 1880 मध्यें अमेरिकेंतील कांफे बंधूंनीं दांतेरी आड असलेला रेझर काढला होता. पण त्यांच्या पात्यांस वारंवार धार लावावी लागे. जिलेटनें पातळ पोलादाचें, दुधारी, बोथट झालें कीं टाकून द्यावयाचें पातें योजिलें. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार येणें शक्य नाहीं, असें जाणकार सांगत. ती अडचण विल्यम निकर्सन या अभियंत्यानें सोडविली. 1903 सालीं, विक्रीच्या पहिल्या वर्षीं, अवघे 51 रेझर आणि 168 पातीं खपलीं! पुढच्या वर्षीं नोव्हेंबरांत जिलेटला पेटंट मिळालें. आणि पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सरकारनें आपल्या सैनिकांसाठीं सुमारें 35 लक्ष रेझर घेतले. युद्धांतून परतलेला शिपाई स्वतःची दाढी स्वतः करावयाची संवय घेऊनच घरीं आला.

हें दुधारी पातें हळूहळू आपल्याकडेहि आलें. आरंभीं तें शहरांतील वकील, मास्तर, कचेरींतील कारकून यांच्या घरीं. नंतर तालुक्याच्या बाजारांतून खेड्यांत. जुन्या पोलादाचीं पातीं पावसाळ्यांत गंजत, म्हणून वापरानंतर तीं कोरडीं करून ठेवावीं लागत. बोथट पातें कांचेच्या पेल्याच्या आंतल्या बाजूस घांसून आणखी दोन दिवस चालविणारे काटकसरी गृहस्थ आपल्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. 1962 च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन कंपनीनें न गंजणाऱ्या पोलादाचें पातें बाजारांत आणलें, आणि तो प्रश्नहि मिटला. आतां खरोखर या हत्यारांत सुधारण्यासारखें फारसें उरलें नव्हतें.

परंतु व्यापाराला थांबणें ठाऊक नसतें. 1971 मध्यें जिलेट कंपनीनें एकाच डबींत दोन पातीं बसविलेला रेझर काढला. पहिलें पातें केंस किंचित् ओढून वर काढतें, आणि तो परत आंत जाण्यापूर्वीं दुसरें पातें त्याला कापतें, अशी त्यामागील उपपत्ति. 1998 मध्यें पातीं तीन झालीं, 2003 मध्यें दुसऱ्या एका कंपनीनें चार केलीं, आणि 2006 मध्यें पांच. दाढी अधिक गुळगुळीत होते हें खरें. पण केंसाचें टोंक कातडीच्या खालीं राहतें, आणि ज्यांचे केंस राठ व कुरळे त्यांच्या गळ्यावर तें आंतल्या आंत वाढून पुटकुळ्या उठतात, हेंहि तितकेंच खरें.

या चढाओढींतच आपल्या देशाचा प्रसंग येतो. हिंदुस्थानांतील पुरुषांसाठीं एक नवा रेझर करावयाचा म्हणून जिलेट कंपनीनें त्याची परीक्षा अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्यें शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून करविली. विद्यार्थ्यांस तो पसंत पडला. येथें मात्र त्याची निराशा झाली, कारण दोन पात्यांमधील फट केंसांनीं आणि साबणानें बुजूं लागली. विद्यार्थी भारतीय होते, त्यांचे केंस भारतीय होते. परंतु त्यांच्यापुढील नळ अमेरिकन होता! येथला माणूस जमिनीवर बसून, हातांत लहान आरसा धरून, पेलाभर पाण्यांत दाढी करतो, हें परीक्षकांच्या ध्यानींच आलें नव्हतें.

पुढें कंपनीचीं माणसें इकडे आलीं, घरोघर जाऊन बसलीं आणि पाहूं लागलीं. त्यांतून 2010 सालीं ‘गार्ड’ नांवाचा पंधरा रुपयांचा रेझर निघाला. तीन पात्यांच्या रेझरचे भाग पंचवीस, तर याचे अवघे चार. थोड्या पाण्यांतहि धुतला जावा अशी त्याची मोकळी रचना. आणि पातें किती? एक! जगभर पात्यांची संख्या वाढवीत नेणाऱ्या कंपनीला आपल्या पेल्याभर पाण्यानें पुन्हां एका पात्यावर आणून ठेविलें.

हें मीं केवळ वाचून सांगत नाहीं. 2018 च्या उन्हाळ्यांत यवतमाळ शहराला पाणी पुरविणारे निळोणा आणि चापडोह हे जलाशय आटत आले. टँकरची वाट पाहण्यांत दिवस जात, आणि घरांत पिण्याचें, स्वयंपाकाचें, वापरावयाचें पाणी निरनिराळें मोजून ठेवलें जाई. माझ्या वांट्याला दाढीसाठीं एक पेला आला. माझा तीन पात्यांचा रेझर दोन फटकाऱ्यांतच बुजला. पेल्यांत कितीहि खळखळला तरी साफ होईना. शेवटीं वडिलांचा जुना पितळी रेझर कपाटांतून काढला. त्याचें पातें वरच्या टोपणाखालीं दोन्ही बाजूंनीं मोकळें असतें. पाण्यांत एकदां हालविलें कीं स्वच्छ. पाव पेला पाणी उरलें, तें तुळशीला घातलें.

यावरून नवें तें सगळें वाईट असा निष्कर्ष कोणी काढूं नये. दुधारी पात्याला हाताची संवय लागते. घाई करणाऱ्याला तें क्षमा करीत नाहीं. ज्याचा हात कांपतो किंवा ज्याची दृष्टि अधू झाली, त्याला डबीचा रेझरच बरा. उलट, दुधारी पातें स्वस्त, आणि तें नुसतें पोलाद; डबींत पोलाद व प्लास्टिक असें जखडलेलें असतें कीं तें वेगळें करणें दुष्कर. निवड करतांना पात्यांची संख्या नव्हे, तर आपली कातडी, आपला हात आणि आपल्या घरचें पाणी पाहावें.

आणि ज्याच्यापासून ही कथा सुरू झाली, तो आमचा न्हावी? आतां त्याची धोकटी गेली. बाजारपेठेंत त्याचें दुकान आहे. रोगाचा संसर्ग टाळण्यासाठीं तो प्रत्येक गिऱ्हाइकागणिक नवें पातें घेतो. जिलेटच्या कल्पनेंतून निघालेलें तेंच दुधारी पातें तो मधोमध मोडतो, आणि अर्धें आपल्या वस्तऱ्यांत बसवितो. ज्या पात्यानें त्याचें काम हिरावून घेतलें, त्याच पात्याला त्यानें कामाला लावलें आहे. शेजारीं पाण्याची वाटी असते. ती पूर्वींइतकीच लहान आहे.