खांद्यावरची मोटार

१९३१ च्या एप्रिलमध्ये सित्रोएन कंपनीच्या मोटारी बैरूतहून पेकिंगच्या वाटेला लागल्या. मागील चाकांऐवजी रबरी पट्टे असल्याने वाळवंटाचे त्यांना भय नव्हते. हिमालयाने मात्र त्यांचा गर्व उतरवला. श्रीनगरहून गिलगिटकडे निघालेल्या दोन गाड्यांपुढची वाट जागोजागी ढासळली होती. अखेर एका टप्प्यावर गाड्यांचे भाग सुटे करण्यात आले, स्थानिक हमालांनी ते वाहून नेले आणि पलीकडे यंत्रज्ञांनी पुन्हा जोडले. ज्या वाहनाने माणसांना न्यावे, तेच माणसांच्या खांद्यावर! मोहिमेचे नेते हार्ट ह्यांचे नाव ग्रंथांतून राहिले. त्या हमालांचे कोण घेतो? ऑगस्टमध्ये गिलगिट आले, परंतु पुढे गाड्यांना वाटच नव्हती. त्या मागे ठेवून मंडळी घोड्यांवरून काश्गरकडे निघाली.

तिएन्त्सिनहून समोरून येणाऱ्या तुकडीत भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून येशूसंघीय फादर तेयार द शार्दें होते. ऑक्टोबरमध्ये दोन्ही तुकड्या आक्सू येथे भेटल्या. १९३२ च्या नववर्षदिनी लिआंगचौच्या मिशन चर्चमध्ये फादरांनी सहप्रवाशांसाठी मिस्सा अर्पण केली. सारेच काही श्रद्धावंत नव्हते. फेब्रुवारीत पेकिंग आले. मार्चमध्ये हार्ट हाँगकाँगला न्यूमोनियाने निवर्तले.