साक्ष खालीच होते

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचे गोडवे आपण गातो; मी मात्र पायरीवरच्या न्यायालयाकडे पाहतो. अमेरिकेत १७८९ च्या कायद्याने १३ संघीय जिल्हा न्यायालये निर्माण झाली. आज ती ९४ आहेत. त्यांच्यावर अपील न्यायालये, शिखरावर सर्वोच्च न्यायालय. राज्यांची न्यायालये वेगळी. संघीय न्यायाधीशाची नेमणूक तहहयात. गोऱ्या मतदाराचे भय त्याला नाही.

१९५६ साली माँटगोमेरीत बसमधील वर्णभेदाविरुद्ध चार काळ्या स्त्रियांचा दावा अशाच न्यायालयात चालला. पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन तेथे साक्षीला उभी राहिली. तिघांपैकी दोन न्यायाधीशांनी भेद घटनाबाह्य ठरवला. तिसऱ्यालाही तेच संरक्षण होते, तरी तो विरोधात गेला. म्हणजे नुसती रचना न्याय देत नाही. बाहेर हजारो माणसे वर्षभर पायी चालत होती. वर्षअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला.

आपल्याकडे दुहेरी न्यायव्यवस्था नाही, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत स्पष्ट केले होते. केंद्राचा कायदाही जिल्ह्याच्याच कोर्टात चालतो. अत्याचाराचा खटलाही तेथेच उभा राहतो. म्हणून कार्यकर्त्यांनो, साक्षीदाराच्या पाठीशी तेथेच उभे राहा. खाली जे नोंदले गेले नाही, ते वर कोण वाचणार?