चिंचवड ते उंबरखिंड : एका अनोळखी वाटेचा इतिहास

चिंचवडहून तळेगांवकडे जाणारा रस्ता आतां कारखान्यांच्या भिंतींमधून जातो. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्यामागून भोसरी, आकुर्डी, चाकण असा यंत्रशाळांचा पट्टा वाढत गेला. या पट्ट्यांतील तरुण सुटीच्या दिवशीं पाठीवर पिशवी टाकून लोणावळ्याच्या डोंगरांत जातात, तेव्हां त्यांच्या पायांखालीं जी वाट असते, तीच वाट १६६१ सालच्या आरंभीं एका मोंगली फौजेनें धरली होती. त्या फौजेजवळ घोडे होते, खजिना होता, नामांकित सरदार होते. पुढची वाट कशी आहे, हें सांगणारा भरंवशाचा माणूस मात्र नसावा, असें तिची गत पाहतां म्हणावें लागतें.

१६६० च्या मे महिन्यांत शाइस्तेखान पुण्यास येऊन उतरला आणि जूनमध्यें त्यानें चाकणच्या संग्रामदुर्गास वेढा घातला. फिरंगोजी नरसाळा यानें तो भुईकोट सुमारें दोन महिने झुंजविला. अखेर ऑगस्टांत सुरुंगानें बुरूज उडाला आणि किल्ला पडला. चाकणच्या आसपासची जमीन मोकळी. तेथें किल्ला डोळ्यांसमोर असतो, मोर्चे बांधतां येतात, तोफा ओढून नेतां येतात. असल्या युद्धाची मोंगलांस पिढ्यान् पिढ्यांची संवय होती. तरीही एका लहानशा कोटापायीं दोन महिने आणि पुष्कळ माणसें खर्चीं पडलीं. तेव्हां डोंगरी किल्ल्यांच्या नादीं न लागतां खालचें कोंकण घ्यावें, असा बेत ठरला व ती कामगिरी कारतलबखान या उझबेग सरदारावर सोंपविली गेली. त्याच्याबरोबर माहूरच्या उदाराम घराण्यांतील रायबागन ही शूर स्त्री होती. अमरसिंह, मित्रसेन यांसारखे रजपूत होते आणि जसवंतराव कोकाटे, जाधवराव असे मराठे सरदारही होते. मराठी बोलणारे लोक फौजेंत असतां वाट कां कळूं नये, असा प्रश्न मनांत येतो. परंतु देशावरच्या सरदारास मावळची घाटवाट ठाऊक असेलच असें नाहीं. भाषा एक असली तरी डोंगर निराळा असतो.

चिंचवड, तळेगांव, वडगांव, मळवली असा फौजेचा मार्ग मानला जातो. या मार्गानें जाणाऱ्यास आपण चढत आहों हें उमगतही नाहीं. चिंचवडची उंची समुद्रसपाटीपासून अठराशें फुटांच्या आसपास आणि लोणावळ्याची दोन हजारांच्या किंचित् वर. जवळजवळ तीस मैलांत चढ काय तो एवढा. भातखाचरें, ओढे, दुतर्फा डोंगरांच्या रांगा, आणि मध्यें ऐसपैस सखल भूमि. या मार्गानें आलेला परका माणूस सह्याद्रीविषयीं गैरसमज करून घेतो, यांत नवल नाहीं. लोहगड मागें टाकून कुरवंड्याच्या पलीकडे गेलें कीं जमीन एकाएकीं तुटते. दीड हजार फुटांहून अधिक खोलीवर कोंकणचें रान पसरलेलें दिसतें. पण तेथें उतरणारी वाट नेमकी कोणत्या खांचेंतून सुटते, हें वरून पाहणाऱ्यास कळत नाहीं. दहा खांचा सारख्याच दिसतात. त्यांतल्या नऊ कड्यावर जाऊन संपतात.

मावळ्याच्या भाषेंत या खांचांना वेगवेगळीं नांवें आहेत, आणि प्रत्येक नांवांत वाटेची माहिती भरलेली आहे. घाट म्हटला म्हणजे लादलेला बैल जाईल. खिंड म्हणजे दोन डोंगरांमधली अरुंद फट. नाळ म्हणजे दोन्ही अंगांस कडे आणि पायांखालीं सुटे धोंडे. निसणी म्हणजे जनावर तर नाहींच, माणसासही हात टेकावे लागतील. ज्याला हे शब्द समजतात, त्याला अर्धा नकाशा तोंडपाठ आहे. छावणींत बसून ‘वाट आहे’ एवढेंच ऐकणाऱ्या सेनापतीस त्यांतलें कांहींच कळत नाहीं.

मोंगल लष्कराला मार्गांची विद्या नव्हती, असें मात्र समजूं नये. बादशाही स्वारीबरोबर अंतर मोजणारे लोक चालत. मजल-दरमजल मुक्काम कोठें, मध्यें किती कोस, हें ठरलेलें असे. मैदानांत एवढ्यानें भागतें. डोंगरांत दोन कोसांची वाट म्हणजे दोन घटकांची चाल कीं सबंध दिवसाची, हें कोसांवरून ठरत नाहीं. पाणवठा कोठें, रुंदी किती, आणि मागें फिरावयाचें झाल्यास घोडा वळेल कीं नाहीं, हे डोंगरांतले खरे प्रश्न.

बोरघाटाची वहिवाट सोडून कारतलबखानानें दक्षिणेकडची ही उतरण धरली. शत्रूला पत्ता लागूं नये, असा त्याचा हेतु असावा. कवींद्र परमानंदानें ‘शिवभारत’ या संस्कृत ग्रंथांत या मोहिमेचें सविस्तर वर्णन केलें आहे, स. म. दिवेकर यांनीं तो ग्रंथ १९२७ सालीं मराठी भाषांतरासह प्रसिद्ध केला. परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवि. स्तुतीचा भाग त्यांतून वजा केलाच पाहिजे. पण अरुंद पाऊलवाट, दाट अरण्य, एकामागून एक रेंगाळणारे स्वार आणि तहानेनें झालेली तडफड हें त्यानें सांगितलेलें चित्र आजही त्या खिंडींत उभें राहिलें असतां पटतें. शिवाजीमहाराजांस फौजेच्या मार्गाची बातमी आधींच होती. त्यांनीं तिला घाटमाथ्यावर अडविलें नाहीं, उतरूं दिलें. फौज तळाच्या उंबरखिंडींत पुरती शिरल्यावर पुढचें व मागचें तोंड बंद झालें आणि दोन्ही बाजूंच्या झाडींतून मारा सुरू झाला. ही गोष्ट १६६१ च्या फेब्रुवारीच्या आरंभींची. त्या सांपळ्यांत संख्येचा उपयोग उरला नव्हता. जितके घोडे अधिक, तितकी दाटी अधिक.

रायबागनेनें या वेळीं खानास स्पष्ट शब्दांत सुनावलें, असें परमानंद सांगतो. ज्या अरण्यांत शिवाजी सिंहासारखा वावरतो त्यांत सैन्य आणून घातलें हीच चूक झाली. आतां शरण जाऊन माणसें वांचवावीं, असा तिच्या बोलण्याचा आशय. खानानें वकील पाठविला. खंडणी व सामान देऊन फौजेनें परत जाण्याची परवानगी मिळविली. संबंध प्रकरणांत शहाणपण दाखविलें तें तिनेंच.

पुढें या डोंगरांचें मोजमाप दुसऱ्याच राज्यकर्त्यांनीं केलें. १८३० सालीं बोरघाटांतून गाड्यांचा रस्ता खुला झाला आणि १८६३ सालीं त्याच घाटांतून आगगाडी धांवूं लागली. कुरवंड्याची उतरण मागें पडली. १८०२ सालीं लॅम्बटन यानें मद्रासेस त्रिकोणमापनास आरंभ केला होता. त्या विद्येच्या जोरावर पुढें शिखराशिखरांवर यंत्रें लावून सह्याद्रि कागदावर उतरला. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांप्रमाणें चिंचवड ४७ एफ/१४ या पत्रकांत, तळेगांव ४७ एफ/१० मध्यें व उंबरखिंड ४७ एफ/६ मध्यें येते. खानाची सारी मोहीम तीन कागदांत मावते! मात्र समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रदेशाचे सविस्तर नकाशे संरक्षणाच्या कारणास्तव पुष्कळ वर्षें सामान्य माणसाच्या हातीं सहज पडत नसत. सर्वांसाठीं निराळी मालिका काढण्याचें २००५ च्या राष्ट्रीय नकाशाधोरणानें ठरविलें.

नकाशा हातीं असला तरी तो वाचावा लागतो. पन्नास हजारांस एक या प्रमाणाच्या पत्रकांत उंचीच्या दोन रेषांमध्यें साधारणतः वीस मीटरांचें अंतर असतें. पंधरा मीटरांचा सरळ कडा दोन रेषांच्या मध्यें सांपडला, तर कागदावर त्याची खूणही उमटत नाहीं. आणि तेवढ्या कड्यावरून पडलेला माणूस जगतोच असें नाहीं. शिवाय नकाशावरचीं नांवें आलीं कोठून? मोजणीदारांनीं तीं गांवकऱ्यांनाच विचारून टिपलीं. ज्या नाळेचें नांव कोणी सांगितलें नाहीं, ती बिननांवाची राहिली.

कुरवंड्याहून खालीं चावणीकडे जाणारी वाट आजही चालती आहे. खिशांतलें यंत्र उपग्रहांकडून जागा सांगतें. पण कड्याच्या पोटांतल्या दाट झाडींत तें कांहीं वेळां भलतीच जागा दाखवितें, आणि फेब्रुवारींत कोरडे पडलेले ओढे हुबेहूब वाटेसारखे दिसतात. म्हणून जाणते गिर्यारोहक माथ्यावरच्या शेवटच्या घरीं थांबून दोन गोष्टी विचारून घेतात : गुरांची वाट कोठें फुटते, आणि या महिन्यांत पाणी कोठवर आहे. उत्तर नीट ऐकून जे उतरतात, ते दुपारच्या आंत चावणीजवळच्या नदींत पाय बुडवितात. उंबरखिंडीच्या लढाईचें स्मारक तेथेंच, पात्रांतल्या धोंड्यांत उभें आहे.