चौकटीबाहेरचं हेलिकॉप्टर

धूर आधी डोळ्यांत शिरतो. निलगिरीच्या जळत्या फांद्यांचा धूर. सर्दीच्या वाफाऱ्याची आठवण करून देणारा, पण घसा खरवडत आत जाणारा. डोळे पुसून तुम्ही समोर बघता तर नदी दिसते. ही हर्बर्ट नदी, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलंडच्या रानात. साल 2000, महिना नोव्हेंबर. त्या देशात उन्हाळा तोंडावर आला आहे. माश्या तोंडाभोवती घोंघावताहेत आणि शर्ट पाठीला चिकटला आहे.

मघाशी तुम्ही घरी होता. टीव्हीवर एक गडी जंगलात किडे खात होता आणि शेजारी बसलेल्या मुलानं विचारलं होतं, "बाबा, हे खरं असतं का?" तुम्हाला उत्तर देता आलं नव्हतं, म्हणून तुम्ही इथं आलात. या प्रवासाला एकच अट आहे: बघायचं, ऐकायचं, पण कशाला हात लावायचा नाही आणि कोणाला हाक मारायची नाही. तुमच्या बाजूला कॅमेरा खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही साधारण हाच नियम आहे. स्पर्धकांशी बोलायचं नाही, त्यांना मदत करायची नाही, समोर घडेल ते टिपायचं.

'सर्व्हायवर' या अमेरिकन मालिकेचं हे दुसरं पर्व. सोळा माणसं, दोन टोळ्या, 42 दिवस आणि शेवटी उरेल त्याला दहा लाख डॉलर. आज सतरावा दिवस आहे. एका टोळीत सहा जण उरलेत, दुसरीत पाच. तुम्ही उभे आहात ती सहांची टोळी, तिचं नाव कुचा. सगळ्यांची गालफडं बसली आहेत. मुठीमुठीनं शिजवायचा तांदूळ हाच काय तो आधार. जेमतेम खाऊन राबणारा माणूस कसा चालतो हे पडद्यावर नीट कळत नाही, इथं कळतं. उठताना तो आधी गुडघ्यावर हात ठेवतो, मग क्षणभर थांबतो, मग पाऊल टाकतो.

शेकोटीपाशी मिशिगनचा मायकेल स्कूपिन आहे. टोळीतला सगळ्यांत धडाडीचा माणूस. थोड्याच दिवसांपूर्वी यानं रानडुक्कर मारलं होतं आणि त्याचं रक्त चेहऱ्याला फासलं होतं. आता तो ओणवा होऊन आग धरवतो आहे आणि धूर सरळ त्याच्या तोंडावर येतो आहे. चुलीपुढं जन्म काढलेल्या कुठल्याही आजीनं त्याला दटावलं असतं. फुंकर घालायची ती घालावी, पण श्वास घ्यायला मान वळवावी. फुंकणी एवढी लांब असते ती उगाच नाही. तुमच्या ओठांवर हे शब्द येतात, पण हाक मारायची नाही ही अट आहे. तुम्ही नदीकडे तोंड फिरवता.

आणि किंकाळी ऐकू येते.

वळून बघेपर्यंत तो धावतो आहे. धुरानं त्याची शुद्ध हरपली, तो आगीत कोसळला आणि त्याचे हात भाजले. शुद्धीवर येताच त्यानं नदी गाठली आहे. तो पाण्यात उभा आहे. हात वर काढतो तेव्हा बोटांची कातडी सुटून लोंबताना दिसते. तुमच्या पोटात गोळा येतो. टोळीतली माणसं काठावर येतात. एकाला काय करावं सुचत नाही, कोणी रडतं आहे. तो ओरडतच राहतो आणि त्या आवाजात अभिनयाचा कणही नाही.

नकळत त्यानं एक गोष्ट बरोबर केली, ती लक्षात ठेवा. भाजल्या जागेवर पहिल्यांदा गार पाणी हवं, तेही वाहतं, चांगली वीस मिनिटं. बर्फ नको. आपल्याकडे अजून शाई, टूथपेस्ट, हळद, तूप असलं काहीबाही फासतात. त्यानं आतली धग आतच राहते आणि डॉक्टरांना जखम साफ करताना ते सगळं पुन्हा काढावं लागतं. पाणी, मग स्वच्छ कापड, मग दवाखाना. मोठं भाजलं असेल तर पाणी चालू असतानाच गाडी बोलवा.

तुम्ही काठावर उभे राहून आकाशाकडे बघता. काही मिनिटं फार लांबतात. मग डॉक्टर दिसतात, पट्ट्या दिसतात, स्ट्रेचर येतं आणि झाडांच्या शेंड्यांवरून हेलिकॉप्टरचा आवाज येतो. सतरा दिवस ही माणसं ओसाड रानात एकटी आहेत असं प्रेक्षकांना वाटत राहील. पण ती एकटी नव्हती. ती कुठं आहेत हे कोणाला तरी नेमकं ठाऊक होतं, त्या कोणाकडे डॉक्टर होते आणि उडायला तयार असलेलं यंत्र होतं. सतरा दिवस ते सगळं चौकटीबाहेर उभं होतं.

स्कूपिन गेला आणि सहांचे पाच झाले. दोन्ही टोळ्या एकत्र आल्या त्या पाचास पाच. कोणाला बाहेर काढायचं याच्या पहिल्याच मतदानात बरोबरी झाली. मग आधी कोणाविरुद्ध किती मतं पडली होती याचा हिशेब काढला गेला आणि कुचाचा जेफ वार्नर बाहेर पडला. शेवटचे तिघेही समोरच्या टोळीचे उरले आणि टीना वेसन जिंकली. लोक डावपेचांची चर्चा करतात. मला मात्र वाटतं की त्या पर्वाचा निकाल त्या दिवशी शेकोटीपाशीच लागला.

आता डोळे मिटा आणि उघडा. 2007 सालचा जुलै, लंडनमधली एक बैठकीची खोली, टेबलावर वर्तमानपत्र. 'मॅन व्हर्सेस वाइल्ड' या रानात तग धरण्याच्या मालिकेचा बेअर ग्रिल्स ज्या रात्री रानात काढतो असं दिसत होतं, त्यातल्या काही रात्री त्यानं हॉटेलात काढल्या, अशी बातमी आहे. लोक संतापले आहेत. इथं फार रेंगाळू नका. पुढे डिस्कव्हरी वाहिनीनं कार्यक्रमात खुलासा घातला की जिवावर बेतणाऱ्या प्रसंगी ग्रिल्सला आणि सोबतच्या चमूला मदत मिळते. याच माणसाची 1996 साली आफ्रिकेत पॅराशूट फाटून पाठ मोडली होती आणि 1998 साली तो एव्हरेस्टवर उभा राहिला होता. त्याची हिंमत खोटी नव्हती. चूक होती ती मदत लपवण्यात. मुक्काम कुठं केला यापेक्षा, कोणी जखमी झालं तर काय होतं, हे प्रेक्षकाला कळायला हवं होतं.

कारण सहा वर्षांनी काय होतं ते बघा. 22 मार्च 2013, कंबोडिया. 'को-लांता' या फ्रेंच मालिकेच्या चित्रीकरणाचा पहिलाच दिवस. जेराल्ड बाबँ नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण खेळात उतरतो. त्याच्या स्नायूंत गोळे येतात, पुढे हृदय बंद पडतं. त्याला इस्पितळात हलवलं जातं, पण तो वाचत नाही. ते पर्व रद्द झालं. मालिकेचे डॉक्टर थिएरी कोस्टा यांच्यावर टीकेची झोड उठली आणि 1 एप्रिलला त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. एका खेळापायी दोन घरं उजाड झाली. या किनाऱ्यावर गप्प उभं राहावं, दुसरं काही सुचत नाही.

त्याच देशात आणखी दोन वर्षं पुढे या. एप्रिल 2015, को राँगचा किनारा. पायांखालची वाळू चपलेतून चटका देते. पुन्हा 'सर्व्हायवर', बत्तिसावं पर्व, नववा दिवस. स्पर्धक भर उन्हात वाळू उकरताहेत. वाळूत पुरलेल्या पिशव्या शोधायच्या आहेत आणि त्या काही केल्या सापडत नाहीत. खेळ लांबतो. खेळ संपतो तेव्हा आधी एक बाई आडवी होते. मग केलेब रेनॉल्ड्स, सैन्यात राहिलेला धट्टाकट्टा जवान, वाळूत पडतो तो उठतच नाही.

आता कॅमेऱ्यामागे काय होतं ते बघा. सूत्रसंचालक जेफ प्रोब्स्ट हाका मारतो आणि चौकट फुटते. पंधरा वर्षांपूर्वी हर्बर्टच्या काठावर जी माणसं दिसायला नको होती, ती सगळी धावत आत येतात. कोणी सावली धरतं, कोणी अंगावर पाणी ओततं, कोणी डोकं मांडीवर घेतं. डॉक्टर एकाकडून दुसऱ्याकडे पळताहेत. उष्माघातात घड्याळ फार जोरात धावतं. शरीराचं तापमान चाळिशीच्या वर गेलं की मेंदू भरकटतो, माणूस असंबद्ध बोलू लागतो, आणि अंग तातडीनं गार केलं नाही तर आतले अवयव निकामी होऊ लागतात. आधी गार करायचं, मग हलवायचं. इथं तेच चाललं आहे. रेनॉल्ड्सला हेलिकॉप्टरमधून नेतात. तो वाचतो.

आणि मार्च 2016 मध्ये हे सगळं जसंच्या तसं दाखवलं गेलं. पाणी ओतणारी माणसं, घाबरलेले चेहरे, कसलंही पात्र नसलेले तंत्रज्ञ, सगळे पडद्यावर आले. या प्रकारच्या टीव्हीनं केलेल्या कामांत मी हे सर्वांत प्रामाणिक मानतो. रानाचं खरं रूप दाखवायला साप आणि मगरी लागत नाहीत. एक माणूस पडल्यावर त्याला उभं करायला किती माणसं लागतात, एवढं दाखवलं तरी पुरे.

शेवटचा मुक्काम थंडीचा आहे. शाल घ्या. 2016, अर्जेंटिनातला पॅटागोनिया, डोंगरांच्या कुशीतलं तळं. मालिका 'अलोन'. इथं बाजूला कॅमेरामन नाही, सूत्रसंचालक नाही. प्रत्येक स्पर्धक एकटा, आपलं चित्रीकरण आपणच करायचं, आणि सोसवेना झालं तर हाताशी सॅटेलाइट फोन. सर्वांत शेवटी टिकेल त्याला पाच लाख डॉलर.

तुम्ही कार्ली फेअरचाइल्डच्या निवाऱ्याबाहेर बसला आहात. इथं किंकाळी नाही. ती बराच वेळ पडून राहते, कारण हालचालीला लागणारी ताकदही आता मोजून खर्च करायची आहे. बाहीतून मनगट दिसतं आणि तुम्ही नजर काढून घेता. भाजलेला हात दिसतो, उपासमार दिसत नाही. शरीर आधी चरबी खातं, मग स्नायू, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे.

शहाऐंशीव्या दिवशी तपासणीसाठी वैद्यकीय पथक येतं. वजनकाटा ठेवतात. ती त्यावर उभी राहते. उंची आणि वजनाचं गणित मांडतात. मालिकेनं बीएमआयची मर्यादा 17 ठरवलेली आहे, त्याखाली गेलेल्याला ठेवत नाहीत. तिचा आकडा निघतो 16.8. तिची जिद्द संपलेली नाही, तिला राहायचं आहे. पण ते तिला सांगतात की इथंच थांबायचं. ती रडते. दुसऱ्या दिवशी, सत्त्याऐंशीव्या दिवशी, झॅकरी फाउलर जिंकतो. तिचं बक्षीस गेलं. आणि तरीही त्या काट्यापाशी उभ्या असलेल्या माणसांनी केलं ते योग्यच केलं. बाबँच्या आईवडिलांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच म्हटलं असतं.

आता घरी या. मुलगा अजून उत्तराची वाट बघतो आहे. त्याला सांगा की भूक खरी असते, चटका खरा असतो, आणि न दिसणारं हेलिकॉप्टरही खरं असतं. मग त्याच्या दप्तराशेजारची सॅक बघा, कारण रविवारी तो मित्रांबरोबर पावसात गडावर निघाला आहे. त्याच्यामागे डॉक्टरांचं पथक नाही, मधूनच येऊन कोणी वजन करणार नाही. म्हणून त्याला एवढं करायला लावा: कुठल्या वाटेनं चढणार, किती जण आहेत आणि किती वाजेपर्यंत उतरणार, हे घरी कागदावर लिहून ठेवायचं आणि गडाखालच्या गावात एखाद्या घरी सांगून मगच वर चढायचं.