परळचा धडा

आपल्या खेड्यांत साप चावला असं चटकन म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. विदर्भातल्या मेहकर तालुक्यात सोयाबीनच्या रानात किंवा रात्री जमिनीवर निजलेल्याला पान लागलं, की पहिला प्रश्न असतो तो दवाखाना किती लांब. माझ्या मते तितकाच मोठा प्रश्न आहे, तिथली लस कोणत्या सापाच्या विषावर बनली. हा प्रश्न फार पूर्वी आपल्याच मुंबईत धसास लागला. 1895 साली अल्बेर काल्मेत या फ्रेंच शास्त्रज्ञाने नागाच्या विषावर घोड्याच्या रक्तापासून प्रतिविष तयार केलं आणि ते सगळ्याच सापांवर चालेल असा दावा केला. विसाव्या शतकाच्या आरंभी परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, जॉर्ज लॅम्ब यांनी ते घोणशीच्या विषावर तपासलं. ते निकामी ठरलं. ज्याचं विष त्याचाच उतारा, हा तो धडा.

तो किती विसरला गेला, ते आफ्रिकेत दिसलं. तिथे चांगल्या लसी महाग आणि दुर्मीळ; एका नामांकित फ्रेंच लसीचं उत्पादन तर 2014 साली थांबलं. त्याआधीच स्वस्त भारतीय लस तिकडे पोचली होती. पण घानातलं फुरसं वेगळ्या जातीचं. तिथल्या एका भागात जुनी लस असताना दंश झालेल्यांपैकी 1.8 टक्के दगावत. भारतीय लस आल्यावर 12.1 टक्के दगावले. हा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे जाती त्याच आहेत, मग काळजी कसली, असं कोणी म्हणेल. पण एकाच जातीचं विषही प्रदेशागणिक बदलतं, आणि देशातल्या लस बनवणाऱ्यांची मोठी भिस्त तमिळनाडूतल्या इरुला सहकारी संस्थेच्या विषावर आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवरची ती लस आजही जीव वाचवते, ती टाळण्याचा विचारही कोणी करू नये. तरी मेहकरच्या घोणशीला ती किती पुरते, हे मेहकरच्याच विषावर तपासायला हवं.

माणसं लसीमुळे नव्हे, मांत्रिकाकडे वेळ दवडल्यामुळे मरतात, हा आक्षेप बराचसा खरा आहे. पुष्कळ दंशांत विष अंगात जातच नाही. तो रोगी आपोआप बरा होतो आणि श्रेय मंत्राला जातं. पण दवाखान्यात बाटल्यांमागून बाटल्या देऊनही एखादा रोगी हाती लागला नाही, तर गावाची पावलं पुन्हा मांत्रिकाकडेच वळणार. प्रदेशवार लस परवडणार नाही, असंही म्हणतात. खाजगी कारखान्याला कदाचित नसेल परवडत. पण सापाची लस बनवणारं हाफकिन महामंडळ राज्याच्या मालकीचं आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, बहुतेक खेड्यांतली. राज्याने विदर्भातल्या सापांचं विष गोळा करून हाफकिनमध्ये तपासण्याचं काम हाती घ्यावं.