आरसेटी: कारागिरीबरोबर धंद्याचा हिशोब शिकवणारे प्रशिक्षण

ग्रामीण भागातील बेरोजगार तरुण-तरुणींना स्वतःचा व्यवसाय उभारता यावा यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजेच आरसेटी, चालवल्या जातात. योजना केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाची असली तरी संस्था चालवण्याची जबाबदारी बँकांची, बहुधा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची असते. कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या रुडसेटी संस्थेच्या धर्तीवर ही योजना आखली आहे.

प्रशिक्षण, निवास व भोजन विनामूल्य असते. शिवणकाम, शेळीपालन, मोबाईल दुरुस्ती असे अनेक अभ्यासक्रम आहेत. त्यांतला व्यवसाय व्यवस्थापनाचा भाग कंटाळवाणा वाटला तरी चुकवू नये. ब्लाऊजची शिलाई ठरवताना अस्तर, दोरा, हुक यांचा खर्च धरला जातो. दुकानभाडे, वीजबिल आणि स्वतःची मजुरी मात्र अनेकदा राहून जाते. मग गल्ल्यात रोज पैसे दिसतात, पण कर्जाच्या हप्त्याला पुरत नाहीत. बाजारपाहणी, उधारीची नोंद, प्रकल्प अहवाल या गोष्टी याच भागात येतात.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे कर्ज मंजूर झाले, असे नाही. तो निर्णय बँकेचा असतो. मात्र प्रशिक्षणानंतर दोन वर्षे संस्था पाठपुरावा करते. अर्ज नामंजूर झाल्यास बँकेला कारण विचारावे आणि अहवाल दुरुस्त करण्यासाठी संस्थेची मदत घ्यावी.

वयाची १८ वर्षे पूर्ण केलेल्या उमेदवारांनी जिल्ह्यातील आरसेटीत किंवा अग्रणी बँकेच्या कार्यालयात चौकशी करावी. पुढील तुकडी केव्हा सुरू होणार, हे तेथेच कळते.