दुःखातल्या कुटुंबाने मदत मागितली तर : ऑनलाइन निधी आणि समाजाची नजर

घरातला कमावता माणूस गेला की वस्तीत घरटी वर्गणी निघते, ही आपल्याकडची जुनी रीत. कोणी शववाहिकेचे पैसे भरते, शेजारच्या घरून जेवण येते, पुण्यानुमोदनाचा खर्च चार जण वाटून घेतात. कुटुंबाला तोंड उघडून मागावे लागत नाही. आता हीच वर्गणी मोबाइलवर आली आहे. मात्र इथे कुटुंबाला स्वतः मागावे लागते, तेही अनोळखी लोकांकडे. त्यामुळे मागणाऱ्याकडे पाहण्याची नजरही बदलली आहे.

निधी कसा जमतो?

भारतात मिलाप (२०१०), केटो (२०१२), इम्पॅक्टगुरू (२०१४) अशी व्यासपीठे आहेत. त्यांवर मुख्यतः उपचारांसाठी आवाहने असतात. पण मृत्यूनंतर मुलांचे शिक्षण, राहिलेले कर्ज, कोर्टकचेरी यांसाठीही निधी मागितला जातो. दुसरा मार्ग अधिक साधा : यूपीआयचा क्यूआर कोड व्हॉट्सॲपवर फिरवणे. व्यासपीठावर किती रक्कम जमली हे सर्वांना दिसते, व्हॉट्सॲपवर दिसत नाही. संशयाला पहिली जागा इथेच मिळते.

लोक काय म्हणतात?

तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात.

‘माणूस जाऊन चार दिवस नाहीत आणि पैसे मागतात.’ पण घरभाडे, शाळेची फी आणि किराणा दुखवट्यासाठी थांबत नाहीत. खरी गरज पहिल्या महिन्यातच असते.

‘सरकारने लाखो रुपये दिले ना?’ जाहीर झालेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम यांत अनेकदा महिन्यांचे अंतर असते.

‘यांच्या घरी तर सगळे दिसते.’ मदत मागणारा फाटक्या कपड्यांतच असला पाहिजे, ही अपेक्षा अपमानकारक आहे. तिच्यामुळेच कुटुंबांना रडतानाचे व्हिडिओ टाकावे लागतात.

याची दुसरी बाजूही आहे. ज्याच्या ओळखीत नोकरदार माणसे जास्त, त्याचे आवाहन दूर जाते. ऊसतोड कामगाराच्या किंवा सफाई कामगाराच्या विधवेचे आवाहन तिच्यासारख्याच गरिबांपर्यंत पोहोचते. दुःख सारखे असले तरी निधी सारखा जमत नाही.

हक्क वेगळा, मदत वेगळी

निधी जमला म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियमांतील २०१६ च्या दुरुस्तीनुसार हत्येच्या प्रकरणात ८ लाख २५ हजार रुपये मिळतात. निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यायची असते. गटारात उतरून मृत्यू झालेल्या कामगाराच्या वारसांना ३० लाख द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. २०१४ च्या निकालात ही रक्कम १० लाख होती. कोविडमृत्यूसाठी ५० हजारांचे सानुग्रह अनुदान ठरले होते. ही हक्काची रक्कम आहे. तिच्यासाठी अर्ज आणि पाठपुरावा करणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम, वर्गणी त्यानंतर.

पैशासाठी कुटुंब न्याय सोडून देते, असेही बोलले जाते. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मृत्यू झालेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या आईने सरकारने देऊ केलेले १० लाख रुपये नाकारले, हे अशा बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. मात्र जे कुटुंब पैसे घेते, तेही न्याय विकत नाही.

हिशोब कुणी ठेवायचा?

फसवणूक होते, म्हणून प्रश्न विचारणे गैर नाही. पण तो रडणाऱ्या आईला विचारू नये. निधी जमवणाऱ्या आपल्याला विचारला जावा. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्यात :

- आवाहनाआधी कुटुंबाची संमती घ्यावी. फोटो आणि मुलांची नावे शक्यतो टाळावीत.
- पैसे कार्यकर्त्याच्या नव्हे, हयात वारसाच्या खात्यात जावेत. क्यूआर कोड घरच्यांशी फोनवर बोलून पडताळावा, कारण खरा मजकूर ठेवून कोड बदलण्याचे प्रकार होतात.
- किती रक्कम हवी आणि कशासाठी, हे आधी लिहावे. तेवढी जमली की आवाहन थांबवून हिशोब जाहीर करावा.
- व्यासपीठावर आपोआप जोडली जाणारी ‘टिप’ कुटुंबाला मिळत नाही. देताना ती पाहून घ्यावी.
- नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात ५० हजारांवर रक्कम आली तर ती करपात्र ठरू शकते. जाणकाराचा सल्ला आधीच घ्यावा. व्यक्तीला थेट दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला ८०जी ची सवलत नसते.

किसा गोतमी मेलेले बाळ उराशी धरून मोहरीसाठी दारोदार फिरली. कथेत घरोघरची माणसे तिला मोहरी द्यायला तयार होतात आणि आपल्या घरातलेही कोणी गेले आहे, हे सांगतात. तिच्या मागण्याचा कुणाला राग येत नाही. आपल्या मोबाइलवर पुढचे आवाहन येईल तेव्हा शंका असेल तर एक फोन करून खात्री करू या, जमेल तेवढे देऊ या. द्यायचे नसेल तर निदान त्या दुःखाखाली टोमणा लिहू नये, एवढे तरी आपण ठरवू शकतो.